मोहरीची गुणपत्रिका

मराठी घरात मोहरी तडतडल्यावाचून स्वयंपाकाला सुरुवात होत नाही. आमटी असो, पोहे असोत की दुधीची साधी भाजी असो. फोडणीत मोहरी फुटली नाही तर सासूबाई कढईकडे आणि मग सुनेकडे पाहतात! आणि तरीही, वाचकहो, मोहरीची खरी चव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? कडकडीत तेलात पडताच तिचा झणका मरतो आणि मागे उरतो तो खमंगपणा. म्हणजे मोहरी आपण रोज खातो, पण तिचा खरा स्वभाव क्वचितच अनुभवतो.

हा स्वभाव मोठा मजेदार आहे. अख्खा दाणा अगदी गरीब असतो. त्याच्या पोटात सिनिग्रिन नावाचे एक द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचे एक एन्झाइम अशी दोन बिऱ्हाडे वेगवेगळ्या खोल्यांत सुखाने नांदत असतात. दाणा कुटला आणि त्याला पाणी लागले, की दोघांची गाठ पडते आणि त्यातून ते उडते, तिखट तेल जन्माला येते, जे थेट नाकात चढते. उष्णतेने ते एन्झाइम निकामी होते. म्हणूनच फोडणीतली मोहरी शांत. आंबटाने त्याचा वेग मंदावतो. जगभरच्या मोहऱ्यांतला फरक समजून घ्यायचा, तर पाणी, आग आणि आंबट ही तीन नावे ध्यानात ठेवावीत.

हल्ली मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांतून परदेशी मोहरीच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसतात. त्यातल्या चार आणल्या, एक कलकत्त्याच्या मैत्रिणीकडून मागवली आणि सहावी घरीच केली. परीक्षक आम्ही चौघे: सासूबाई, हे, आमची शाळकरी कन्या आणि मी. उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर बोटभर मोहरी घ्यायची, मध्ये पावाचा घास आणि गार पाणी. झणक्याला चार गुण, चवीला तीन आणि ताटातल्या इतरांशी जमवून घेण्याला तीन, असे एकूण दहा.

पहिला मान इंग्लिश मोहरीचा. 1814 साली नॉरविचजवळ जेरेमाया कोलमन यांनी हा धंदा सुरू केला आणि त्यांची पिवळी डबी पुढे जगभर पोहोचली. ही पूड गार पाण्यात कालवून दहा मिनिटे झाकून ठेवायची. गरम पाणी घातलेत तर संपले! झणका असा, की ह्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून खिडकी उघडली. पण झणका ओसरल्यावर चव म्हणून फारसे काही उरत नाही. गुण सात.

दुसरी फ्रान्सची, दिजाँ गावच्या नावाने ओळखली जाणारी. पूर्वी हिच्यात कच्च्या द्राक्षांचा आंबट रस घालीत. आता बहुधा व्हिनेगर किंवा वाइन असते. आंबटामुळे तिखटपणाला लगाम बसतो आणि तो टिकतोही. अंगाने मऊ, बोलायला सभ्य, पण शेवटी नाकाला चिमटा काढणारच! गंमत अशी, की दिजाँ हे कृतीचे नाव आहे. हे नाव लावायला मोहरी त्या गावात बनावी लागत नाही. दाणे तर बहुतांशी कॅनडातून येतात. 2021 साली तिकडे दुष्काळ पडला आणि 2022 साली फ्रान्समधल्या दुकानांतली मोहरीची फळी रिकामी झाली. गुण आठ.

तिसरी अमेरिकेची पिवळीधमक, 1904 च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनापासून लोकप्रिय झालेली. तो रंग मोहरीचा नव्हे, आपल्या हळदीचा! हिच्यात पांढरी मोहरी असते आणि तिचे तिखट उडत नाही, जिभेवरच रेंगाळते. त्यामुळे नाकाला पत्ताच नाही. सासूबाई म्हणाल्या, "ही मोहरी कसली? हळद लावलेली नवरी आहे नुसती." गुण पाच.

चौथी बव्हेरियाची गोड मोहरी. म्युनिकला 1854 साली योहान कोनराड डेव्हेली यांनी ती प्रथम केली असे मानतात. जाडसर भरडलेली, साखरेने माखलेली. कन्येने तिला दहापैकी दहा दिले. तिघा मोठ्यांनी मिळून ते सहावर आणले.

पाचवी बंगालची कासुंदी. हिच्यापाशी मात्र सगळेच थांबलो. पूर्वी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बायका सोवळ्याने मोहरी धुऊन कासुंदी घालीत, इतका तिचा मान. कच्च्या कैरीचा आंबटपणा, हिरवी मिरची, हळद आणि मोहरीचा जिवंत झणका! मैत्रिणीने एक युक्तीही कळवली: मोहरी वाटताना मीठ आणि हिरवी मिरची बरोबर घ्यावी, म्हणजे कडवटपणा येत नाही. गुण साडेआठ.

आणि सहावी आपली फेसलेली मोहरी. सासूबाईंनी दोन चमचे मोहरी खलबत्त्यात कुटली, वाटीत घेऊन चमचा चमचा गार पाणी घातले आणि फेसायला लागल्या. "अगं, मापबीप काही नाही. आपल्याच डोळ्यांत पाणी आलं की थांबायचं." रंग पालटून फिकट झाला, वर फेस आला आणि वाटीवर वाकलेली कन्या किंचाळून मागे सरली. काकडी, दही, मीठ, चिमूटभर साखर घालून कोशिंबीर झाली. गुण नऊ!

पण परीक्षा इथेच संपली नाही. नुसत्या पाण्यात फेसलेली थोडी मोहरी मी बाजूला ठेवली होती. रात्री तिला सहा गुण पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अवघे तीन. वास होता, जीव नव्हता. मात्र ज्या वाटीत दहा मिनिटांनी लिंबू पिळले होते, तिला सकाळीही सात मिळाले. आधी पाणी, मग आंबट, हा क्रम त्यातून मला उमगला.

मग लक्षात आले, की बाटलीत आणि दुकानाच्या फळीवर सर्वांत चांगली मोहरी का मिळत नाही. ती फार वेळ टिकतच नाही. ती ज्याच्या त्याच्या घरी, पान वाढायच्या आधी, कुणीतरी मनगट हलवून करावी लागते. सासूबाईंचे मनगट आता लवकर दुखते. मापाशिवायची ही विद्या कुठल्या वहीत उतरवून ठेवता येत नाही. शेजारी उभे राहूनच ती घ्यावी लागते. गेले काही आठवडे मी ती घेते आहे, आणि कन्येलाही स्टुलावर बसवते आहे.

लाडू-करंज्यांनी जीभ गोडावली, की भाऊबीजेच्या पानात ही कोशिंबीर वाढून पाहा. भावाच्या डोळ्यांत पाणी तरारले, तर ते बहिणीच्या मायेने की मोहरीने, याची चौकशी मात्र करू नका!