बर्लिनची वाट आणि सातबारा

मागच्या पंधरवड्यात कापसाच्या प्लॉटवर गेलो, तर एका शेतकऱ्याने बोंडअळीचं विचारायच्या आधी सातबारा पुढे केला. पोरगी बी.एस्सी. ॲग्री झालेली, पुढचं बर्लिनला शिकायचं म्हणते. एजंटाने मोठा आकडा सांगितलेला. "साहेब, रान गहाण टाकू का?"

थांबा म्हटलं. मी डिप्लोमावाला माणूस, पण पोरीबरोबर बसून कागद पाहिले. बर्लिनच्या हम्बोल्ट विद्यापीठात शेतीचा विभाग आहे. शिक्षण शुल्क नाही, सत्राची वर्गणी तेवढी. अर्ज 'युनि-असिस्ट' या संस्थेमार्फत आपला आपण भरायचा, पहिल्या अर्जाला ७५ युरो. यात एजंटाचं काय काम? पदव्या तपासल्याचं 'एपीएस' प्रमाणपत्र मात्र व्हिसाआधी काढावंच लागतं.

मोठी रक्कम म्हणजे एका वर्षाचे ११,९०४ युरो. व्हिसासाठी ती खास खात्यात अडकवून दाखवायची. पण ती फी नव्हे! पैसे पोरीच्याच नावावर राहतात, तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो तिलाच मिळतात. खोलीभाडं, विमा, जेवण त्यातच.

खरी अडचण खोलीची. एवढ्या मोठ्या शहरात ती लवकर मिळत नाही, आणि राहायला गेल्यावर चौदा दिवसांत पत्ता नोंदवावा लागतो. न पाहिलेल्या खोलीसाठी कुणाला आगाऊ पैसे धाडू नका. शिकताना वर्षात १४० दिवस कामाची मुभा आहे, तरी त्या भरवशावर कर्जाचा हप्ता ठरवू नका.

बापाने सातबारा घडी घालून खिशात ठेवला, शैक्षणिक कर्जाचं बँकेत विचारतो म्हणाला. मग आम्ही कामगंध सापळे बघायला गेलो.