धाडसी बचावपटू घ्यावा का?

२०२३च्या प्रो कबड्डी लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २.३५ कोटी रुपये मोजले. हा बचावपटू वाट पाहत नाही, थेट झेपावतो. ही जोखीम परवडते का?

पकड साधली तर १ गुण; फसली तर किमान १ गुण जातो. म्हणजे निम्म्याहून अधिक पकडी जमायलाच हव्यात. मैदानात तिघे किंवा कमी बचावपटू उरले, की ‘सुपर टॅकल’चे २ गुण मिळतात, तेव्हा तिनांतली एक पकडही नुकसान भरून काढते. धाडसाची किंमत अशी प्रसंगानुसार बदलते.

शादलूला घेतलेल्या त्याच हंगामात, १ मार्च २०२४ रोजी, हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पुण्याने पहिले विजेतेपद पटकावले. तरीही प्रशिक्षकांनो, संघ निवडताना फसलेल्या पकडीही नक्की मोजा.