सॉसमध्ये घोळूनही कुरकुरीत : कोरियन चिकन विंग्ज

तळलेल्या कोंबडीवर दाट, तिखट सॉस चढवायचा आणि तरीही तिचे आवरण कुरकुरीत राहावे अशी अपेक्षा धरायची, ही मागणी मुळातच विसंगत वाटते. कारण कुरकुरीतपणाला मारते ते पाणी, आणि ते प्रत्येक सॉसमध्ये असतेच. दक्षिण कोरियातील यांगन्योम चिकन, म्हणजे मसालेदार सॉसमध्ये घोळलेली तळीव कोंबडी, या विसंगतीतून वाट कशी काढते हे नीट कळले, तर हा पदार्थ घरच्या कढईतही साधतो.

कोरियात भरपूर तेलात कोंबडी तळण्याची प्रथा फार जुनी नाही. १९६०च्या सुमारास सोलच्या म्योंगडाँग भागात विजेच्या भट्टीत भाजलेली अख्खी कोंबडी लोकप्रिय झाली. १९७१ मध्ये सोयाबीन तेलाचे देशातच मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले, तेव्हा कुठे तळण परवडू लागले. आणि १९७७ मध्ये लिम्स चिकनने सोलमध्ये तुकडे करून तळलेली कोंबडी विकायला सुरुवात केली. तिखटगोड सॉसचे श्रेय सामान्यतः दैगू शहरातील युन जोंग-ग्ये यांना दिले जाते. तळलेली कोंबडी निवली की तिचे आवरण कडक होऊन गिऱ्हाइकांच्या तोंडाला टोचते, हे पाहून त्यांनी १९८०च्या आसपास हा सॉस सिद्ध केला. म्हणजे आज ज्या कुरकुरीतपणासाठी एवढा खटाटोप केला जातो, तो अंमळ कमी करण्यासाठीच सॉस आला होता! पुढे १९९७च्या आर्थिक संकटात नोकऱ्या गमावलेल्या अनेकांनी थोडक्या भांडवलात चिकनची दुकाने थाटली आणि हा पदार्थ गल्लोगल्ली पोहोचला.

सॉसचा कणा असलेले गोचुजांग हे मिरचीपूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची भुकटी, मोडवलेले जव आणि मीठ यांचे महिनोन्‌महिने मुरवलेले मिश्रण होय. मुरताना जवातील विकरे, म्हणजे पचनासारखी क्रिया घडवणारी द्रव्ये, तांदळातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात, तर सोयाबीनमधील प्रथिने सूक्ष्मजीवांच्या क्रियेने विघटित होऊन जिभेवर रेंगाळणारी खोल चव निर्माण करतात. त्यामुळे लाल तिखट आणि टोमॅटो केचप यांच्या मिश्रणाला गोचुजांगचा पर्याय म्हणणे धाडसाचे ठरेल. गोचुगारू या जाडसर मिरचीपुडीच्या जागी मात्र बेडगी मिरची बिया काढून भरडली तर चालते, कारण दोन्हींत रंग गडद आणि तिखटपणा बेताचा असतो. मिरचीचा प्रवासही दोन्हीकडे एकाच शतकातला आहे : पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात गोव्यात आणली, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते त्या शतकाच्या अखेरीस ती जपानमार्गे कोरियात गेली.

घरी करताना पहिली अडचण दुकानातच येते. महाराष्ट्रात चिकनवाले बहुधा कोंबडी सोलूनच देतात, आणि विंग्जची सारी मौज तर कातडीत असते. तेव्हा त्या कातडीसकट मागून घ्याव्यात, सांध्यावर कापून दोन भाग करावेत आणि टोके रश्शासाठी बाजूला ठेवावीत. एक किलो विंग्ज कोरड्या पुसून त्यांना मीठ, मिरपूड आणि किसलेले आले चोळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवाव्यात, त्यानंतर बटाट्याच्या स्टार्चमध्ये, तो न मिळाल्यास कॉर्नफ्लोअरमध्ये, घोळून जास्तीची पूड झटकावी. मैद्यात ग्लुटेन हे चिवट प्रथिन असल्याने आवरण जाड व चामट होण्याचा संभव असतो. निव्वळ स्टार्चचा थर पातळ आणि ठिसूळ राहतो.

यानंतरचा दुहेरी तळणीचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या वेळी १६० ते १६५ अंश सेल्सिअस तेलात, कढईत गर्दी न करता, आठ-दहा मिनिटे तळल्यावर मांस शिजते आणि कातडीतील चरबी वितळून निघते. हाडाजवळ ७४ अंश तापमान गाठले गेले पाहिजे. मग विंग्ज जाळीवर दहा मिनिटे निथळू द्याव्यात. या विश्रांतीत आतला ओलावा आवरणाकडे सरकतो, आणि १८५ अंशांच्या तेलात तीन-चार मिनिटांची दुसरी तळणी तो वाफेच्या रूपाने उडवून लावते. दुसऱ्या तळणीला फाटा दिला, तर हाच ओलावा आवरणाला आतून मऊ करतो, आणि मग दोष सॉसच्या माथी मारला जातो.

सॉससाठी तीन मोठे चमचे गोचुजांग, तेवढेच केचप, तेवढाच लिक्विड ग्लुकोज किंवा मध, एक मोठा चमचा सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, एक चमचा मिरचीपूड आणि ठेचलेल्या पाच-सहा लसूणपाकळ्या मंद आचेवर बुडबुडे जाड होईपर्यंत आटवाव्यात. साखरेच्या पाकाऐवजी ग्लुकोज घेण्याचे कारण असे, की तो थंड झाल्यावर दाणेदार होत नाही आणि तुकड्यांना चकाकी देतो. वेगळे मीठ घालू नये. विंग्ज पसरट भांड्यात घेऊन, वाढण्याच्या क्षणीच सॉस ओतून झटपट घोळवाव्यात आणि वर भाजलेले तीळ भुरभुरावेत. सोबत व्हिनेगर, साखर, मीठ व पाण्यात रात्रभर मुरवलेल्या मुळ्याच्या फोडी असाव्यात.

पाहुणे उशिरा येणार असतील, तर १९९१ मध्ये गुमी शहरात सुरू झालेल्या क्योचोन या चिकन-दुकानांच्या साखळीची रीत अधिक सोयीची आहे : तिथे सोया आणि लसणाचा पातळ सॉस प्रत्येक तुकड्यावर ब्रशने लावला जातो, आणि एवढ्या पातळ थराखाली आवरण बराच वेळ टिकते.