विद्युत गिटारच्या तरंगत्या ट्रेमोलो ब्रिजची जुळवणी : बलसंतुलनाच्या दृष्टीने विवेचन

प्रस्तावना :
तंबोऱ्याची घोडी जागेवरून हलत नाही. म्हणून त्याची प्रत्येक तार जवळजवळ स्वतंत्रपणे स्वरात लावता येते. तरंगता ट्रेमोलो ब्रिज असलेल्या विद्युत गिटारमध्ये मात्र एक तार चढवली की उरलेल्या पाच तारा उतरतात. नवशिका वादक हा वाद्याचा दोष समजून खुंट्या पिळत राहतो. वस्तुतः हा त्या रचनेचा स्वाभाविक परिणाम होय. त्यामागील तत्त्व व जुळवणीची पद्धत स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रचना :
लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ साली आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमुळे ही रचना रूढ झाली. ‘ट्रेमोलो’ म्हणजे खरे तर ध्वनीच्या तीव्रतेतील कंप. येथे दांडा दाबल्याने स्वराची उंची बदलते. पुढे फ्लॉइड रोझ यांना तारा दोन्ही टोकांना जखडणाऱ्या रचनेचे अमेरिकी पेटंट १९७९ साली मिळाले.

संतुलनाचे तत्त्व :
ब्रिज आपल्या टेकूभोवती फिरू शकतो. तारा त्याला पुढे ओढतात, तर मागील पोकळीतील स्प्रिंगा उलट दिशेने ओढतात. दोन्ही बल-आघूर्णे समान झाली की ब्रिज स्थिरावतो. तारांची जाडी, लांबी व स्वर ठरले की त्यांचा एकूण ताणही ठरतो. ६४८ मिलीमीटर लांबीवर ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीचा संच प्रमाण स्वरांत लावल्यास हा ताण सुमारे ४६ किलोग्रॅम-भार असतो. त्याला तोलण्यासाठी स्प्रिंगांना जेवढे ताणले जावे लागते, तेही निश्चित असते. यावरून असे दिसते की स्वर खुंट्यांनी ठरतो, तर ब्रिजचा कोन स्प्रिंगा अडकवलेल्या ‘क्लॉ’ या पट्टीच्या स्थानावरून ठरतो.

जुळवणीची पद्धत :
१) तारांचा संच व स्वर आधी निश्चित करावेत.
२) सर्व तारा क्रमाने लावाव्यात व स्वर स्थिर होईपर्यंत आवर्तने करावीत.
३) ब्रिज पाहावा. स्ट्रॅटोकास्टरमध्ये त्याच्या मागील कडेखाली सुमारे ३.२ मिलीमीटर अंतर ठेवतात. फ्लॉइड रोझ ब्रिज सामान्यतः गिटारच्या पृष्ठभागाला समांतर ठेवतात.
४) मागील कड जास्त उचललेली असल्यास क्लॉचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळावेत, खाली बसलेली असल्यास सैल करावेत. प्रत्येक बदलानंतर तारा पुन्हा स्वरात लावूनच ब्रिज तपासावा.
५) ब्रिज योग्य कोनात आल्यावर तारांची उंची व पडद्यांवरील स्वरशुद्धता साधावी. जखडणारा नट असल्यास तो शेवटी आवळावा.

मर्यादा :
तार तुटली की स्प्रिंगांचा ओढा वरचढ ठरतो व उरलेल्या तारा चढतात. सर्व तारा अर्धस्वराने उतरवल्यास ताण सुमारे ११ टक्के घटतो, कारण तो कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तेव्हा क्लॉची जुळवणी नव्याने करावी लागते. ज्या वादकाला स्वररचना वारंवार बदलावी लागते, त्याला स्थिर ब्रिज अधिक सोयीचा ठरतो.

निष्कर्ष :
तरंगत्या ब्रिजची जुळवणी म्हणजे सहा तारा व स्प्रिंगा यांच्या एकाच संतुलनाची जुळवणी होय. हे ध्यानी आल्यास वादकाचे निष्फळ श्रम वाचतात. तसेच बल-आघूर्ण व तारेची कंपने ही दोन प्रकरणे विद्यार्थ्यांना एकाच वाद्यावर एकत्र दाखवता येतात.