नववीचे गुण आणि डॉक्टरकीची वाट

पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. या गावातील एक घर वाचकांनी क्षणभर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. खाली किराणा मालाचे दुकान, वर राहते घर. एप्रिलअखेरची संध्याकाळ. घरातील मुलीने नववीचे प्रगतिपत्रक आणून आजोबांच्या हाती दिले आहे. गणितात ५८, विज्ञानात ६१. सातवीपासून ही मुलगी ‘मी डॉक्टर होणार’ असे सांगत आली आहे.

आजोबा चष्मा पुसतात आणि मायेनेच म्हणतात, “बेटा, एवढ्या गुणांत डॉक्टरकी कशी जमायची?” काका म्हणतात, “कॉमर्स घेऊ दे तिला. घरचा व्यापार आहे, सी.ए. झाली तरी नाव निघेल.” वडील काहीच बोलत नाहीत. मुलगी ताटावरून लवकर उठते. कोणी रागावलेले नसते, कोणी नकारही दिलेला नसतो. तरीही त्या संध्याकाळी एक निर्णय होऊन जातो. पुढे त्याची कोणी चर्चाही करीत नाही.

असे घर आपल्या परिचयाच्या कोणत्याही बाजारपेठेत सापडेल. म्हणून हा प्रश्न शांतपणे तपासणे आवश्यक आहे: आठवी, नववी आणि दहावीचे गुण डॉक्टर होण्याच्या वाटेत खरोखर किती मोजले जातात?

प्रवेशाच्या हिशेबात काय धरले जाते?

प्रथम सरळ उत्तर देऊ. भारतात एम.बी.बी.एस.च्या प्रवेशासाठी आठवी-नववीचे गुण कोठेही विचारले जात नाहीत. दहावीच्या टक्केवारीलाही गुणवत्ता यादीत स्थान नाही. प्रवेश ठरतो तो ‘नीट’ या एकाच परीक्षेवर. ही परीक्षा ७२० गुणांची असते. एकूण १८० प्रश्नांपैकी ४५ भौतिकशास्त्राचे, ४५ रसायनशास्त्राचे आणि ९० जीवशास्त्राचे असतात. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा होतो. दोन विद्यार्थ्यांचे गुण समान झाले, तर प्रथम जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे आणि त्यानंतर भौतिकशास्त्राचे गुण पाहिले जातात. तेथेही शाळेच्या प्रगतिपत्रकाला प्रवेश नाही.

बारावीला मात्र एक उंबरठा आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून सर्वसाधारण प्रवर्गासाठी किमान ५० टक्के गुण हवेत आणि इंग्रजी विषयात उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. कमाल वयाची अट २०२२ साली काढून टाकण्यात आली. उंबरठा ओलांडल्यावर बारावीत ६० टक्के मिळालेला आणि ९५ टक्के मिळालेला विद्यार्थी ‘नीट’च्या यादीत एकाच पायरीवर उभे असतात.

‘आपण पैसे भरून प्रवेश घेऊ’ असा समजही काही घरांतून अद्याप आहे. तो सोडून द्यावा. खासगी महाविद्यालयातील संस्थात्मक कोट्यासाठी ‘नीट’ उत्तीर्ण असणे बंधनकारक आहे. परदेशी जाऊन एम.बी.बी.एस.ची समकक्ष पदवी घ्यावयाची आणि पुढे भारतात व्यवसाय करावयाचा असेल, तर त्यासाठीही ‘नीट’ची पात्रता लागते.

ज्येष्ठांची समजूत कोठून आली?

आजोबांचे मत निराधार नाही. ते त्यांच्या काळातून आले आहे. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची शालान्त परीक्षा नव्या आकृतिबंधाप्रमाणे सुरू झाली आणि त्यामागोमाग बारावी आली. त्यानंतर अनेक वर्षे वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवरच होत असत. एकेका गुणासाठी प्रवेश हुकल्याच्या कहाण्या त्या पिढीने पाहिल्या आहेत. ‘शाळेपासून पहिला नंबर असेल तरच डॉक्टर’ ही धारणा त्या अनुभवातून रुजली.

१९९९ पासून राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सी.ई.टी., आली आणि बोर्डाच्या गुणांचे वजन उतरले. २०१३ साली ‘नीट’ प्रथम झाली, त्याच वर्षी न्यायालयात रद्द ठरली आणि २०१६ साली पुन्हा प्रस्थापित झाली. त्या वर्षी महाराष्ट्राने शासकीय महाविद्यालयांचे प्रवेश आपल्या सी.ई.टी.वरच केले, २०१७ पासून सर्व प्रवेश ‘नीट’वर होऊ लागले. पद्धत अशी अनेकदा बदलली, तरी नववीचे गुण यांपैकी एकाही पद्धतीत मोजले गेले नाहीत.

दहावीचे खरे महत्त्व

दहावीच्या गुणांचा उपयोग एकाच ठिकाणी थेट होतो, तो म्हणजे अकरावीचा प्रवेश. ही प्रवेशप्रक्रिया पनवेलसह मुंबई महानगर क्षेत्रात बरीच वर्षे केंद्रीय पद्धतीने ऑनलाइन होत आली आणि २०२५-२६ पासून ती संपूर्ण राज्याला लागू झाली. चांगले कनिष्ठ महाविद्यालय घरापासून जवळ मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. रोजचे दोन-अडीच तास प्रवासात गेले, तर ते अभ्यासातूनच वजा होतात. तथापि दहावीत थोडे कमी गुण मिळाल्याने विज्ञान शाखेचे दार बंद होत नाही. मनाजोगते महाविद्यालय मिळत नाही, एवढेच.

याहून महत्त्वाची एक अट आपल्या समाजातील पालकांच्या नजरेतून सुटते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि ८५ टक्के जागा राज्याच्या वाट्याला असतात. महाराष्ट्राच्या या ८५ टक्क्यांसाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण होणे सर्वसाधारणपणे आवश्यक असते. काही शासकीय कर्मचाऱ्यांच्या पाल्यांना सवलती आहेत. व्यापारी कुटुंबांना त्या लागू होत नाहीत.

आपली अनेक घरे मूळ राजस्थानची वा गुजरातची. मुलाला मामाच्या गावी शिकावयास ठेवणे, दहावीसाठी एखाद्या वसतिगृहात पाठविणे किंवा अकरावी-बारावीसाठी कोटा शहरात नाव घालणे आपल्याकडे सहज घडते. शिकवणी कोठेही घ्यावी. परंतु दहावी आणि बारावीची परीक्षा कोणत्या राज्यातील शाळेतून दिली जाणार, हे आधी पाहावे. दहावीत ९६ टक्के मिळवूनही केवळ या एका कारणाने विद्यार्थी राज्याच्या कोट्याबाहेर राहू शकतो आणि ७० टक्के मिळविणारा, येथेच शिकलेला विद्यार्थी त्या कोट्यात पात्र ठरतो. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची माहिती पुस्तिका दरवर्षी प्रसिद्ध होते. माल उचलण्यापूर्वी आपण सौद्याच्या अटी वाचतो. मुलाला घराबाहेर शिकावयास पाठविण्यापूर्वी ही पुस्तिकाही तशीच वाचावी.

मग नववीचे गुण निरर्थक का?

निरर्थक मुळीच नाहीत. प्रवेशासाठी ते मोजले जात नाहीत, पण पाया कोठे कच्चा आहे हे ते वेळेवर सांगतात. ‘नीट’चा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे आणि त्याची मुळे नववी-दहावीत आहेत. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानातील पहिलाच पाठ ‘गतीचे नियम’ हा आहे. अकरावीचे भौतिकशास्त्र त्यावरच उभे राहते. दहावीतील ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आणि ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ हे पाठ पुढे जीवशास्त्रात विस्ताराने येतात.

नववीतील ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठाचेच उदाहरण घेऊ. त्यात मोल ही संकल्पना येते. पुष्कळ मुले तिची व्याख्या पाठ करतात, गुण मिळवितात आणि अकरावीत रसायनशास्त्राच्या पहिल्याच महिन्यात अडखळतात. वास्तविक व्यापाऱ्याच्या मुलाला मोल समजणे सर्वांत सोपे असावे. दुकानात खिळे कोणी एकेक मोजून देत नाही, वजनावर देतात. एका खिळ्याचे वजन ठाऊक असेल, तर किलोत किती खिळे बसले हे काढता येते. रसायनशास्त्रज्ञ अणूंचेही असेच करतो. अणू मोजता येत नाहीत, म्हणून तो वजन करतो आणि वजनावरून संख्या काढतो. बारा नगांचा डझन, तसा अणूंच्या एका प्रचंड ठरावीक संख्येचा मोल. ज्या मुलीने दुपारी वडिलांच्या जागी बसून तराजू हाताळला आहे, तिला हे पाच मिनिटांत उमजेल; मात्र कोणीतरी तिच्याजवळ बसून ते सांगावयास हवे.

म्हणून प्रगतिपत्रकातील एकूण टक्केवारी पाहून थांबू नये. आपण खतावणी तपासताना केवळ शेवटची बाकी पाहत नाही; कोणत्या खात्यात तूट आली, ती केव्हापासून आली आणि वसुली होण्याजोगी आहे का, हे पाहतो. विज्ञानात ६१ गुण म्हणजे नेमके काय? जीवशास्त्राचे पाठ पक्के आणि गणिती उदाहरणे कच्ची, असे आहे का? उत्तरे येत होती पण वेळ पुरला नाही, असे आहे का? की त्या सहामाहीत घरी आजारपण होते? प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे. शाळेत जाऊन उत्तरपत्रिका पाहावी आणि शिक्षकांशी बोलावे. नववीच्या अखेरीस सापडलेली तूट भरून काढावयास पुढे तीन वर्षे असतात. तीच तूट बारावीच्या दिवाळीत सापडली, तर हाती काही महिनेच उरतात.

याची दुसरी बाजूही आहे. नववीत ९४ टक्के मिळाले म्हणून पेढे वाटून निश्चिंत होणाऱ्या घरांनीही सावध असावे. पाठांतरावर मिळालेले गुण ‘नीट’च्या प्रश्नांपुढे टिकत नाहीत.

कल्याणची आनंदी

शाळेचे कागद आणि डॉक्टरकी यांचा विचार करताना आपल्या शेजारच्या कल्याणची आठवण होते. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांच्याजवळ सलग शाळेचे भक्कम प्रगतिपत्रक नव्हते. पती गोपाळराव टपाल खात्यात होते. त्यांची बदली अलिबागला झाली, पुढे कलकत्त्याला झाली. आनंदीबाईंचे शिक्षण बहुतांशी घरीच, पतीच्या देखरेखीखाली झाले. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले आणि वैद्यकीय उपचारांची उणीव त्यांच्या मनाला कायमची लागली. १८८३ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज करताना, प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करीत नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. दुर्दैवाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून ‘गुणांना अर्थ नाही’ असा सोयीचा निष्कर्ष काढू नये. आज कोणतेही महाविद्यालय पत्र वाचून प्रवेश देणार नाही. अपुऱ्या कागदांमुळे आनंदीबाई थांबल्या नाहीत, हे खरे. पण इंग्रजी भाषा आणि अभ्यासाची सवय त्यांनी घरी वर्षानुवर्षे कमावली होती आणि तिच्याच बळावर परक्या देशातील अभ्यासक्रम त्यांना पेलता आला.

परदेशस्थ कुटुंबांसाठी

ज्यांची मुले अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये शिकत आहेत, त्यांच्यासाठी उत्तर थोडे वेगळे आहे. अमेरिकेत नववीपासूनचे सर्व गुण महाविद्यालयीन प्रवेशासाठी पाहिले जातात. वैद्यकीय शाळा मात्र पुढे महाविद्यालयातील गुण आणि ‘एमकॅट’ परीक्षा यांना महत्त्व देतात. बारावीनंतर थेट वैद्यकीय जागा राखून ठेवणाऱ्या संयुक्त अभ्यासक्रमांत नववीचे गुणही मोलाचे ठरतात. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी होणाऱ्या जी.सी.एस.ई. परीक्षेचे निकाल अनेक वैद्यकीय शाळा विचारात घेतात. तेव्हा नातेवाइकांच्या मुलांचे अनुभव आपल्या मुलांना जसेच्या तसे लावू नयेत.

शेवटी पुन्हा त्या घरी

पालकहो, विज्ञान शाखा सर्वांनी घ्यावी किंवा प्रत्येक मुलाने डॉक्टर व्हावे, असे येथे सुचवावयाचे नाही. ज्याचे मन व्यापारात आहे, त्याने दुकान आनंदाने सांभाळावे. घरचा व्यापार हा कोणाच्या अपयशाचा आश्रय नव्हे. परंतु चौदा वर्षांच्या मुलीची इच्छा एका प्रगतिपत्रकावर निकालात काढणे, हा चुकीचा हिशेब आहे. इच्छा खरी आहे का, हे तिचे दहावीचे वर्ष सांगेल. कठीण पाठाकडे ती स्वतःहून परत येते का, चूक झाल्यावर ती दुरुस्त करते का, आजारी माणसाजवळ बसावयास कंटाळते का, हे पाहावे. या गोष्टी टक्केवारीत दिसत नाहीत, पण घरातल्यांना रोज दिसतात.

शिरढोणच्या त्या कल्पित घरात दुसरी संध्याकाळ अशीही असू शकेल. दुकान बंद झाले आहे. वडील प्रगतिपत्रक पुन्हा उघडतात, मुलीला शेजारी बसवितात आणि विचारतात, “विज्ञानातले कोणते पाठ जड गेले, ते सांग बेटा. सुटीत तेवढे पक्के करू. अकरावीचे दहावीनंतर पाहू.” आजोबा चष्मा लावून ऐकत बसतात. तराजू अजून गल्ल्याजवळच असतो. मोल समजावण्यासाठी त्याहून चांगले साधन शोधावे लागत नाही.