टर्बाइनचं पातं का तुटतं?

आपल्याकडच्या मोठ्या औष्णिक वीजकेंद्रातलं वाफेचं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. या वेगात मध्यापासून एक मीटरवर असलेला एक किलोचा तुकडा सुमारे १० टनांच्या जोराने बाहेर ओढला जातो. हा सगळा ताण पात्याच्या बुडाशी, रोटरच्या खाचेत बसवलेल्या भागावर येतो. म्हणून बळकटीचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

पण पातं बहुधा नुसत्या ओढीने तुटत नाही. ते कंपनाने थकतं. स्थिर पात्यांमधून येणारी वाफ प्रत्येक फेऱ्यात त्याला ठरावीक धक्के देते. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावत राहिलं की झोका चढत जातो. तसंच धक्क्यांची लय पात्याच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली की थरथर वाढते. केसाएवढी चीर पडते आणि हळूहळू पुढे सरकते.

हे टाळण्यासाठी अभियंते कॅम्पबेल आलेख काढतात : आडव्या अक्षावर फिरण्याचा वेग, उभ्या अक्षावर कंपनसंख्या. धक्क्यांची आणि पात्याची रेषा चालू वेगाजवळ छेदत असेल, तर पात्याचा आकार बदलतात किंवा पाती तारेने एकमेकांना जोडतात.

उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीजकेंद्रात ३१ मार्च १९९३च्या पहाटे अशी थकलेली दोन पाती तुटली. तोल गेलेलं टर्बाइन हादरलं, त्याला जोडलेलं जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन गळला आणि आग लागली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. पण एकेक पातं वेळेवर तपासणं किती मोलाचं, हे त्या पहाटेने शिकवलं.