वंशशोध : मृत्युवार्ता व सैनिकी नोंदी

वृत्तपत्रांतील मृत्युवार्ता आणि लष्करी सेवेच्या नोंदी यांच्या आधारे कुळातील पूर्वजांचा माग काढण्याची पद्धती. महाराष्ट्रात वंशावळीसाठी कुलवृत्तांत आणि नासिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या ही साधने परंपरेने वापरली जातात. ज्ञानप्रकाश (स्थापना १८४९), केसरी (१८८१) यांसारख्या पत्रांतील मृत्युवार्ता मुख्यत्वे शहरी व प्रतिष्ठित व्यक्तींच्या असत. खेड्यातून फौजेत गेलेल्या शिपायाचा ठाव त्यांत सहसा लागत नाही. त्यासाठी सैनिकी नोंदी व गावदप्तर यांची सांगड घालावी लागते.

पुणे जिल्ह्यातील शिरूर–दौंड हा भीमाकाठचा प्रदेश या दृष्टीने उद्‌बोधक आहे. शिरूर (घोडनदी) येथील इंग्रजी छावणीतून निघालेल्या तुकडीची १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे पेशव्यांच्या सैन्याशी लढाई झाली. तेथील स्तंभावर मृत शिपायांची नावे कोरलेली असून त्यांपैकी ‘नाक’ हे अंत्यपद असलेली नावे महार शिपायांची होत. तथापि गावाचा उल्लेख नसल्याने केवळ या यादीवरून आजच्या कुटुंबाशी नाते सिद्ध होत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या (१९१४–१८) नोंदी अधिक उपयुक्त आहेत. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियातील कूत येथे वेढल्या गेल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौज शरण गेली आणि अनेक शिपाई तुर्कांच्या कैदेत मरण पावले. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (स्थापना १९१७) नोंदवह्यांत मृताचा क्रमांक, हुद्दा, पलटण व मृत्युदिनांक आढळतो. पुष्कळदा पित्याचे नाव व गावही मिळते. बसरा येथील स्मारकावर मात्र सामान्य भारतीय शिपायांची नावे न कोरता पलटणवार केवळ संख्या देण्यात आली.

गावाचे नाव जुळविताना विशेष दक्षता लागते. पुणे जिल्ह्यात वडगाव रासाई, वडगाव मावळ, वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी अशी अनेक वडगावे आहेत. त्यामुळे तालुक्याचा उल्लेख निर्णायक ठरतो. तालुक्यांच्या हद्दी व नावेही बदलली आहेत. हल्लीच्या दौंड तालुक्यातील गावे जुन्या कागदांत भीमथडी तालुक्याखाली सापडतात. इंग्रज कारकुनांनी उच्चारानुसार लिहिलेली व आडनाव गाळलेली नावेही संभ्रम निर्माण करतात.

परदेशी मरण पावलेल्या शिपायाची नोंद गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत (गाव नमुना १४) सहसा नसते. त्याच्या नावे जमीन असल्यास फेरफाराच्या नोंदवहीत (गाव नमुना ६) ‘मयत’ अशा शेऱ्यासह वारसांची नावे मिळू शकतात. पित्याचे नाव, गाव व मृत्यूचा काळ या तिन्ही गोष्टी दोन्ही दप्तरांत जुळल्या, तरच नाते ग्राह्य धरावे. नामसादृश्य हा शोधाचा केवळ आरंभ होय. दगडावर नाव न लाभलेल्या शिपायाला त्याच्या कुळात स्थान मिळवून देण्याचा बहुधा हाच एक मार्ग उरतो.